‘दॅट्स एंटरटेनमेंट!’: नखशिखांत दिसणाऱ्या नाचाचा संच

हॉलिवूडच्या एमजीएम या चित्रसंस्थेने आपल्या संगीतपटांतील निवडक नृत्यगीतांचे ‘दॅट्स एंटरटेनमेंट!’ या नावाने तीन संकलनपट काढले. पहिला संस्थेच्या पन्नाशीनिमित्त १९७४ साली आला, पुढचे दोन १९७६ आणि १९९४ साली. हे तिन्ही डीव्हीडीच्या एका संचात निघाले असून, ऐंशी वर्षांपूर्वीचा नाच आजही नजर का खिळवतो, याचे उत्तर त्यात जागोजागी सापडते.

‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९४०’ या चित्रपटातील फ्रेड अस्टेअर आणि एलेनॉर पॉवेल यांचे टॅप नृत्य, म्हणजे बुटांच्या ठोक्यांनी ताल धरणारे नृत्य, पहिल्या भागात आहे. पांढऱ्या वेशातली ही जोडी आरशासारख्या काळ्या फरशीवर नाचत असताना मध्येच वाद्यवृंद थांबतो आणि केवळ बुटांच्या आवाजात सवाल-जवाब रंगतो. कॅमेरा दोघांनाही डोक्यापासून पावलांपर्यंत चौकटीत धरून, कात्री शक्य तितकी दूर ठेवून, निमूटपणे त्यांच्या मागे फिरतो. अलीकडच्या चित्रपटांत नटाने किती नाचले आणि संकलकाने किती नाचवले, हे सांगणे कठीण असते. इथे तशी शंकाच उरत नाही.

तिसरा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो कारागिरी उघडी करून दाखवतो. ‘लेडी बी गुड’ (१९४१) मधील पॉवेलच्या नृत्याशेजारी त्याच वेळी पडद्यामागे चाललेली धावपळ दिसते: ती नाचत पुढे सरकते, तसतसे कामगार नेपथ्याचे भाग ऐन वेळी बाजूला ओढून कॅमेऱ्याला वाट करून देतात. ‘द बेल ऑफ न्यूयॉर्क’ (१९५२) मधील अस्टेअरच्या एका नृत्याची, वेगवेगळ्या पोशाखांत चित्रित झालेली दोन रूपे शेजारी-शेजारी ठेवली आहेत आणि त्यांतल्या हालचाली इतक्या तंतोतंत जुळतात, की सहज वाटणाऱ्या त्या नाचामागची तालीम किती कठोर असेल याची कल्पना येते.

दुसरा भाग मात्र डावा आहे. विनोदी आणि नाट्यमय प्रवेशांची त्यात उगाच भरती केली आहे. सत्तरीपार गेलेला अस्टेअर दुसरा नामांकित नर्तक-नट जीन केली याच्याबरोबर नव्याने पावले टाकतो, तेवढ्यासाठी तो पाहावा. पहिल्या भागाच्या अखेरीस येणारा ‘अॅन अमेरिकन इन पॅरिस’ या चित्रपटातला बॅलेही मूळचा सतरा मिनिटांचा असून येथे तो काटछाट करून दिला आहे, हे खटकते. निवेदनातली संस्थेची आरती तर सोसावीच लागते.

शिवाय हा सगळा एका संस्थेच्या घरचा खजिना आहे. वॉर्नर या दुसऱ्या चित्रसंस्थेसाठी नृत्यदिग्दर्शक बझबी बर्कलीने उभारलेली भव्य समूहनृत्ये किंवा फॉक्स या चित्रसंस्थेच्या ‘स्टॉर्मी वेदर’ (१९४३) मध्ये निकोलस बंधू या नर्तक जोडीने पायऱ्यांवर मारलेल्या अचाट उड्या पाहायच्या असतील, तर ते चित्रपट स्वतंत्रपणे मिळवावे लागतील.