पैसे पाइलचे, पाया पाच फुटांचा

इंदुरात काळ्या मातीवर घराला खोली वाढवणार असाल आणि शेजारी मोठं झाड असेल, तर हे नीट वाचा. आमचे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत.

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरामागे जुना कडुनिंब आहे. त्या बाजूला सासूबाईंसाठी खोली काढायची होती. माळव्याची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. झाडाजवळ तर मुळं पाणी ओढतात, त्यामुळे ती आणखीच सुकते. म्हणून ठेकेदाराशी अंडररीम्ड पाइलचं, म्हणजे जमिनीत खोल जाणाऱ्या काँक्रीटच्या खांबांचं ठरलं: चार मीटर खोल, 30 सेंटिमीटर व्यासाचे, तळाशी 75 सेंटिमीटरचा बल्ब, म्हणजे फुगवटा. माती परीक्षणाचा रिपोर्टही त्यानेच आणला. आम्ही लग्नाला देवासला गेलो, तेवढ्यात त्याने सगळे बोअर, म्हणजे पाइलसाठी खणलेली भोकं, काँक्रीटने भरून टाकले.

पुढच्याच उन्हाळ्यात जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यात तिरकी भेग पडली, करंगळी जाईल एवढी. त्यावर त्याचं उत्तर, "भाभीजी, पेड़ कटवा दो, सब ठीक हो जाएगा." त्याचेही वेगळे पैसे! नशीब, दुसऱ्या इंजिनिअरांनी अडवलं. मोठं झाड तोडलं की ते शोषत होतं ते पाणी मातीतच राहतं, माती पुढे कित्येक वर्षं फुगते आणि पाया वर उचलला जातो.

त्यांनी एका पाइलच्या कडेने खणायला लावलं. पाच फुटांवर पाइल संपला. बल्ब नव्हताच. खाली तीच काळी चिकट माती आणि तिच्यात कडुनिंबाची केसासारखी बारीक मुळं. रिपोर्टात मात्र 'खाली मुरूम'! आमच्या अंगणात नमुना घ्यायला कोणी आलंच नव्हतं. दुसऱ्या प्लॉटच्या रिपोर्टावर आमचा पत्ता चिकटवलेला.

माती किती फुगते याची खरी तपासणी फार साधी असते. चाळलेली कोरडी माती 10 ग्रॅम पाण्यात, तेवढीच रॉकेलमध्ये घालून मोजनळ्या 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. आमची पाण्यातली माती जवळजवळ दुप्पट झाली होती. नमुना तुमच्यासमोर काढायला लावा आणि लॅबला फी स्वतः द्या.

काँक्रीट पडण्याआधी प्रत्येक बोअरमध्ये वजन बांधलेला टेप सोडून खोली मोजा. बल्ब एल आकाराची सळई आत फिरवून तपासतात, तेही करून घ्या. करारात खोली, व्यास, बल्ब आणि 'मालकाने मोजल्याशिवाय भराई नाही' हे लिहून घ्या, आणि पायाचा हप्ता मोजमाप झाल्यावरच द्या. जुन्या आणि नव्या बांधकामात सांधाही मोकळा ठेवायला सांगा, आमच्या नकाशात तो होता, भिंतीत नव्हता.