पापलेट काचेमागचं घ्यावं की मावशीच्या पाटीतलं?

मागच्या जुलैत घरी पाहुणे यायचे होते, म्हणून एका महागड्या सुपरमार्केटात गेले. काचेमागे बर्फावर पापलेटं ओळीने मांडलेली, पुढे सुबक अक्षरांत पाटी: जबाबदारीने मिळवलेली मासळी. भाव बाजारापेक्षा बराच चढा. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, हे कुठल्या बंदरातून आलं? म्हणाला, "मॅडम, वेअरहाउसमधून."

त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. पण जुलैत हा प्रश्न विचारायलाच हवा. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिलला सुरू होऊन 14 जूनला संपते, त्यामुळे ते पापलेट आंध्र-ओडिशाकडून रीतसर आलेलं असू शकतं, मे महिन्यात पकडून गोठवलेलं असू शकतं, किंवा बंदी मोडून आणलेलंही असू शकतं. पाटीवरून यातलं काहीच कळत नाही. तेव्हापासून मी दोन्हीकडची, सुपरमार्केटातली आणि बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या कोळीण मावशीकडची, खरेदी मासा बघून ठरवते, दुकान बघून नाही.

मोठं दुकान मनावर घेतं तेव्हा काय करू शकतं, ते आधी पाहू. अमेरिकेतल्या होल फूड्स या सुपरमार्केट साखळीने 22 एप्रिल 2012 पासून लाल यादीतली, म्हणजे साठा धोक्यात असलेली किंवा घातक पद्धतीने पकडलेली, समुद्रातली मासळी विकणं बंद केलं. यादी त्यांची स्वतःची नाही. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे अ‍ॅक्वेरियमचा 'सीफूड वॉच' हा कार्यक्रम ती करतो. दुसरा निकष समुद्रातल्या मासेमारीला प्रमाणपत्र देणाऱ्या मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचा, म्हणजे एमएससीचा, निळा शिक्का. 2022 मध्ये खरी परीक्षा झाली. अमेरिकेच्या मेन राज्यालगतच्या आखातातले लॉबस्टर पकडताना दोऱ्यांत राइट व्हेल अडकण्याचा धोका आहे म्हणून सीफूड वॉचने ते लाल यादीत टाकले, एमएससीने प्रमाणपत्र स्थगित केलं, आणि होल फूड्सने त्या लॉबस्टरची खरेदी थांबवली. मेनमधले लॉबस्टरवाले चिडले, राजकारणी चिडले. तरी दुकानाने नियम पाळला. जबाबदार खरेदी मी याला म्हणते: नियम बाहेरच्याने तपासलेला, आणि नफ्याचा माल असला तरी लागू होणारा.

आता आपल्याकडे या. सामन आपल्या समुद्रात नाही. नॉर्वे-स्कॉटलंडच्या पिंजऱ्यांत वाढवलेला तो इथे येतो, म्हणून इथे दुकानच बरं. फक्त अ‍ॅक्वाकल्चर स्टुअर्डशिप कौन्सिलचा, म्हणजे एएससीचा, हिरवा शिक्का बघा. मत्स्यशेतीसाठीचा हा शिक्का खाद्य, प्रतिजैविकं आणि माशांवरच्या उवा यांवर बंधनं घालतो. विमानाने आलेल्या 'ताज्या' सामनपेक्षा जहाजाने आलेला गोठवलेला घ्या, इंधनाच्या हिशेबात तो कितीतरी हलका पडतो. डब्यातला ट्यूना घेताना गळाने पकडलेला आहे का ते वाचा. लक्षद्वीपचे लोक पिढ्यान्‌पिढ्या काठी-दोरीने एकेक ट्यूना ओढून काढतात, त्याहून स्वच्छ मासेमारी सापडणं कठीण.

पापलेट, सुरमई, बोंबील, बांगडा यांचं मात्र उलटं आहे. एमएससीचा शिक्का मिळवणारी भारतातली पहिली मासेमारी म्हणजे केरळातल्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्या, तिसऱ्यांच्याच जातकुळीतल्या. ते 2014 साली. आपल्या ताटातल्या रोजच्या मासळीवर असा शिक्का दिसत नाही. म्हणजे काचेमागच्या पापलेटावरची 'जबाबदार' ही पाटी बहुतेक वेळा दुकानाने स्वतःच लिहिलेली असते. तिथे तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते स्वच्छतेचे, बर्फाचे आणि साफसफाईचे. तेही मोलाचं आहे, पण समुद्राच्या वाट्याला त्यातलं काही जातंच असं नाही.

मावशीच्या पाटीसमोर बसलं की निदान प्रश्न विचारता येतात. पहिला आकाराचा. महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटाला राज्यमासा केलं आणि कमीत कमी आकारही ठरवून दिले: पापलेट 135 मिलिमीटर, सुरमई 370. 135 मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डापेक्षाही आखूड. कायद्याला तेवढं पुरतं, मला पुरत नाही. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात अठरा सेंटिमीटर भरतो. पापलेटाशेजारी तो धरायचा, मासा लहान असेल तर घ्यायचा नाही. स्वस्त वाट्यातली ती तळहाताएवढी पापलेटं एकदाही अंडी न घालता संपलेली असतात. सातपाटीसारख्या गावांचं पोट ज्या माशावर चालतं, तो असा पिल्लांतच खाऊन टाकला तर उद्या जाळ्यात काय येणार?

दुसरा प्रश्न, कशाने पकडला? ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत जातो, पिल्लं आणि नको असलेली मासळी सगळं एकत्र ओढतो. गळाला लागते ती एकेक मोठी सुरमई. एकदा मावशीने सुरमईचं तोंड उघडून ओठाजवळची जखम दाखवली. "गलाची हाय ती बाय, जाल्याची नाय." अंगावर जाळ्याचा वळ नाही, खवलं जागच्या जागी. भाव किलोमागे थोडा जास्त होता, तो मी आनंदाने दिला. मात्र सगळ्याच मावश्यांना माहीत असतं असं नाही. अनेकजणी पहाटे भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला लिलावात माल घेतात, तो कुठल्या बोटीचा हे त्यांनाही कळत नाही. तिथे त्या आणि सुपरमार्केट एकाच पायरीवर. म्हणून ज्यांचा नवरा किंवा भाऊ स्वतः होडी घेऊन जातो अशी एखादी कोळीण शोधा आणि तिच्याकडेच जात राहा.

कोळंबीचा निवाडा मला सर्वांत अवघड जातो. समुद्रातली कोळंबी बहुतेक ट्रॉलरची, बारीक जाळ्याची. त्या जाळ्यांत कासवं सुटण्याची सोय नाही म्हणून 2019 पासून अमेरिका भारतातली समुद्री कोळंबी घेत नाही. तळ्यात वाढवलेली वनामेई जातीची कोळंबी मुख्यतः आंध्रची, आणि प्रमाणपत्रं घेणारी शेतं तिथे आहेत. तेव्हा पाकिटावर एएससीचा किंवा बीएपीचा, म्हणजे मत्स्यशेतीसाठीच्याच दुसऱ्या प्रमाणपत्राचा, शिक्का असेल तर कोळंबीपुरतं मी दुकानाला मत देते. शिक्का नसेल तर दोन्हीकडची सारखीच.

ज्यांच्या घरी लहान बाळ किंवा आजारी माणूस आहे, किंवा ज्यांना सकाळी बाजार जमत नाही, त्यांनी दुकानात जायला काहीच हरकत नाही. फक्त बंदर आणि तारीख विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर व्यवस्थापकाला लेखी विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाटीवर बंदराचं नाव यायला लागेल, असं मला मनापासून वाटतं.

जून-जुलैत मात्र मी दोन्हीकडे ताजं पापलेट-सुरमई घेणं सोडलं आहे. मे महिन्यातच मावशीकडून आगोटीची सुकी मासळी भरून ठेवते. यंदा तेच पाहुणे पुन्हा जुलैत आले, तेव्हा वेसाव्याच्या वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या बांबूच्या मांडवावर, वाळलेल्या बोंबलांचं बटाटा घालून कालवण केलं, सोबत तांदळाची भाकरी. पापलेटाची आठवण कुणी काढली नाही.