पुरानंतर शाळेत नेताना: सीडी-रिस्क १० की सीवायआरएम-आर?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी माढा-मोहोळच्या गावांत शिरलं. त्यानंतर मुलांची सावरण्याची ताकद मोजायला प्रश्नावल्या घेऊन शाळांत जाणाऱ्यांत मीही होतो. सीडी-रिस्क १० आणि सीवायआरएम-आर, या दोन्ही प्रश्नावल्या वापरल्यात. सोलापुरातले एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी 'कोणती घेऊ?' विचारतात, म्हणून हे.

आधी सीडी-रिस्क १० चं कौतुक. दहाच विधानं, पहिल्या तासाची हजेरी लांबावी तेवढ्यात वर्ग मोकळा. जगभर वापरलेली, त्यामुळे प्रबंधात तुलनेला भरपूर मिळतं आणि गाईडही खूश. परवानगी आणि शुल्काचं आधी बघून ठेवा.

माझं घोडं अडलं एका विधानावर. अडचणीतही मी गमतीची बाजू बघतो, अशा अर्थाचं. सीनाकाठच्या एका शाळेत नववीतल्या मुलीनं पेन उचलून विचारलं, "सर, दप्तर वाहून गेलं, त्यात गमतीचं काय असतंय?" शेजारणीनं कोपरानं ढोसलं, तशी तिनं गुपचूप सगळ्यात वरच्या पर्यायावर खूण केली. त्या वर्गातले कागद तपासताना मग बाकीची विधानंही खुपायला लागली. मी जुळवून घेतो, मी खचत नाही, मी खंबीर आहे. घरात दाणा आहे का, पाठीशी कोण आहे, याचा पत्ताच नाही. हाती येतो ४० पैकी एक आकडा. कमी आला तर मुख्याध्यापकांनी करायचं काय?

सीवायआरएम-आर कॅनडातले संशोधक मायकेल उंगर यांच्या कामातून आलेली. तिची मूळ २८ प्रश्नांची आवृत्ती ११ देशांत घडली, त्यात भारतही होता. आता १७ विधानं: १० मुलाची स्वतःची, ७ सांभाळणाऱ्यांशी असलेल्या नात्याची. भूक लागली तर पुरेसं खायला असतं का, घरच्यांसोबत सुरक्षित वाटतं का, हे त्या सातांत येतं. दोन बेरजा वेगळ्या निघतात, आणि दुसरी घसरली की निदान कोणाच्या घरी आधी जायचं ते कळतं. लहान वर्गांना पाचऐवजी तीन पर्यायांचं रूपही चालतं.

कटकट इथेही आहे. आईबाप ऊसतोडीला आणि पोरगं आजीकडे, अशा घरात 'पालक' कोण? मी 'तुला सांभाळणारं माणूस' असं सांगतो. मराठी रूप आधी दोन-चार मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्यावंच.

नको असताना पुराची दृश्यं डोळ्यांपुढे येणं, पाण्याच्या आठवणी टाळणं यासाठी दोन्ही अपुऱ्या. सोबत अशा त्रासासाठीची आठ प्रश्नांची क्राइज-८ ही प्रश्नावली ठेवा. आणि पुराआधीची मोजणी नसेल तर 'पुरानं ताकद घटली' असं अहवालात लिहू नका.

अकरावी-बारावीची मोठी संख्या, हाताशी एकच तास, तर सीडी-रिस्कला नाव ठेवणार नाही. आठवी-नववीच्या वर्गात मात्र मी दुसरीच नेईन, आणि वर्गशिक्षकांना तेवढा वेळ चहाला पाठवीन. ते दारात उभे असले की सगळ्यांच्याच घरी सगळं छान असतं.