लिनक्स मिंट सात महिने वापरलं, त्यातले तीन महिने एका ओळीशी भांडले

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. तिचं स्पेसिफिकेशन वगैरे सगळ्यांना माहितीये, ते लिहीत बसत नाही. माझा डेस्कटॉप जुना, चौथ्या जनरेशनचा आय३, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ ह्या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही, आणि दुकानदाराने नवीन पीसीचं जे कोटेशन दिलं ते बघून मी चहा पण न घेता घरी आले. भाच्याच्या पेनड्राइव्हवर मिंट २१.३ होतं. "मावशी, २२ आलंय, ते टाकूया" म्हणाला, पण त्याची फाइल परत जवळजवळ तीन जीबी, माझा नेटपॅक दिवसाला दीड जीबीचा, आणि २१.३ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट मिळणारेत, मग कशाला? टाकलं २१.३.

पहिला महिना खरंच मजेत गेला. मशीन पटकन चालू होतं, पंख्याचा आवाज कमी झाला, प्रिंटर तर लावल्या लावल्या सापडला, मराठी टायपिंग पाच मिनिटांत. मी तेव्हाच पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते.

मग आलं टोकन. मी बँकांसाठी व्हॅल्युएशन रिपोर्ट, म्हणजे किंमत ठरवायचे अहवाल, करते, बँकेला पीडीएफवर डिजिटल सही लागते, ती सही यूएसबीच्या टोकनमध्ये असते. टोकनवाल्या कंपनीने साइटवर लिनक्ससाठी डेब फाइल (मिंटवर प्रोग्राम बसवायचं पॅकेज) ठेवली होती, मला वाटलं चला, सुटलो. डबल क्लिक केलं, जीडेबी म्हणजे असल्या फाइली बसवणारा प्रोग्राम उघडला आणि वर लाल अक्षरांत "एरर: डिपेंडन्सी इज नॉट सॅटिस्फायेबल: लिबएसएसएल१.१". म्हणजे ह्या पॅकेजला लिबएसएसएल१.१ नावाची लायब्ररी (प्रोग्रामांना लागणारी तयार कोडची फाइल) हवी आणि ती मिळत नाही. इन्स्टॉलचं बटण दाबताच येईना.

कंपनीच्या पीडीएफमध्ये लिहिलं होतं, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, डीपीकेजी ह्या कमांडने टाका. टाकलं. आता ही डीपीकेजी म्हणजे अशी बाई आहे की भाजीत मीठ नाहीये हे तिला दिसतं, ती तसं सांगते पण, आणि तरी ताट वाढून निघून जाते. पॅकेज अर्धवट बसलं. लगेच अपडेट मॅनेजर रुसला, ब्रोकन पॅकेज आहेत, आधी ती नीट करा म्हणे. नेटवर बघितलं, सगळे म्हणतात "ॲप्ट फिक्स ब्रोकन" चालवा (ॲप्ट ही पॅकेज आणायची-काढायची दुसरी कमांड). चालवलं, वाय दाबलं, सगळं नीट झालं. कसं नीट झालं? तर टोकनचं पॅकेजच काढून टाकलं! तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा हेच. मी रिमूव्ह होणाऱ्यांची यादी वाचतच नव्हते, ही माझी चूक, मान्य. पण दुरुस्ती म्हणून न्यायची आणि वस्तूच भंगारात टाकायची, ह्याला नाव तरी दुसरं ठेवा ना. (ती यादी वाचाच. २०२१ मध्ये एका नावाजलेल्या टेक यूट्यूबरने पॉप ओएस ह्या दुसऱ्या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप टाकताना अशीच यादी न वाचता "येस, डू ॲज आय से" टाइप केलं आणि त्याचा अख्खा डेस्कटॉप उडाला. त्याच्या मानाने मी स्वस्तात सुटले.)

कस्टमर केअरला फोन केला. पोरगा नम्र होता, पण उत्तर एकच, "मॅडम, विंडोज टाका."

तोपर्यंत माझा राग मिंटवर होता. मग वाचत गेले तसा तो हळूहळू सरकला. भानगड अशी की मिंट २१ हे उबंटू २२.०४ ह्या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे. लिबएसएसएल ही ओपनएसएसएल ह्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचा भाग, आणि उबंटू २२.०४ मध्ये त्याची ३ नंबरची आवृत्ती आली, १.१ काढूनच टाकली. आणि बरोबरच केलं, कारण १.१.१ चा सपोर्ट मूळ लोकांनीच सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवलाय. म्हणजे सही सुरक्षित ठेवायचं यंत्र विकणारी कंपनी मला सांगतेय की आधी सपोर्ट संपलेली सुरक्षेची लायब्ररी आणा. वा.

एका व्हिडिओत सांगितलं, नवीन लायब्ररीला जुनं नाव देऊन लिंक करा. केलं. प्रोग्राम सुरू होताना "व्हर्जन ओपनएसएसएल १_१_० नॉट फाउंड" म्हणून पडला. बरोबरच आहे, दारावरची पाटी बदलली म्हणून आत राहणारा माणूस बदलत नाही. ती लिंक आठवणीने काढून टाका, नाहीतर पुढे कधीतरी भलतंच काही बिघडेल आणि कारण सापडणार नाही.

मग उबंटू २०.०४ ची लिबएसएसएल१.१ ची डेब फाइल आणली, जेमतेम सव्वा एमबी. ही, आणि तिच्यामागून टोकनवाल्यांची डेब फाइल, डीपीकेजीने न टाकता ॲप्ट इन्स्टॉल, मग डॉट, स्लॅश आणि फाइलचं नाव, अशी टाकायची. डॉट-स्लॅश विसरलात तर ॲप्ट ती फाइल फोल्डरमध्ये न बघता रिपॉझिटरीत, म्हणजे मिंटच्या ऑनलाइन कोठारात, शोधत बसतं. असं टाकलं की बाकीच्या लागणाऱ्या गोष्टी ते स्वतःच आणतं, टोकनशी बोलायला लागणारा पीसीएससीडी नावाचा प्रोग्राम त्याने न सांगता आणला. जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी शेजारी राहतात, भांडत नाहीत. टोकन चाललं. चार रिपोर्ट गेले. पण मनात खुपत राहिलं, कारण ह्या मिंटवर त्या जुन्या फाइलला अपडेट कधीच येणार नव्हते.

आणि मग मागच्या महिन्यात जे सापडलं त्यासाठी हे सगळं लिहितेय. एका रविवारी, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर बसले होते, ती डेब फाइल नुसती एक्स्ट्रॅक्ट करून बघितली. आत दोनच कामाच्या गोष्टी. एक टोकनची ड्रायव्हर फाइल, आणि एक पिन बदलायचा छोटा प्रोग्राम. दोघांवर एलडीडी चालवलं, ते कोणाला कुठली लायब्ररी लागते ते दाखवतं. पिनवाल्या प्रोग्रामला ओपनएसएसएल १.१ पाहिजे. ड्रायव्हरला? नकोच! त्याला पीसीएसलाइट (पीसीएससीडीचीच लायब्ररी) आणि दोन-चार नेहमीच्या लायब्ररी, सगळ्या आधीपासून मशीनवर. म्हणजे वर्षातून एकदा लागणाऱ्या पिनच्या खिडकीसाठी कंपनीने अख्ख्या पॅकेजवर ती अट लिहून ठेवली होती, आणि मी तीन महिने त्या अटीला देववाणी समजत होते.

कंपनीचं पॅकेज काढलं, जुनी लायब्ररी काढली, ड्रायव्हरची एकटी फाइल होम फोल्डरमध्ये ठेवली, फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी डिव्हायसेसमध्ये जाऊन लोड केली. लिब्रेऑफिस, म्हणजे मिंटवरचं वर्ड-एक्सेल, सहीचं सर्टिफिकेट फायरफॉक्सच्याच प्रोफाइलमधून उचलतं, त्यामुळे पीडीएफवर सही तिथूनच होते. आधी आलेलं पीसीएससीडी तेवढं राहू दिलं, बाकी काहीही इन्स्टॉल न करता! इथे मिंटचं एक मोठं कौतुक, फायरफॉक्स साध्या डेबमध्ये देतात. उबंटूत २२.०४ पासून तो स्नॅप नावाच्या बंदिस्त पॅकेजमध्ये असतो आणि असलं बाहेरचं मॉड्यूल घ्यायला नखरे करतो.

फ्लॅटपॅक (लागणाऱ्या लायब्ररी वेगळ्या घेऊन येणारं पॅकेज) घ्या, डिपेंडन्सीची कटकटच नाही, असं कोणीतरी सांगेलच. घेतलं होतं एक, साध्या फोटो एडिटरसाठी. त्या लायब्ररींचा गठ्ठा, ज्याला रनटाइम म्हणतात, त्यासाठी शेकडो एमबी ओढायला लागलं, दिवसाचा नेटपॅक दुपारी बारालाच संपला. ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांनी खुशाल घ्यावं. आणि ड्रायव्हरसाठी त्याचा तसाही उपयोग नाही.

तर मिंटला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो जीडेबीसाठी, काय नाही ते सांगतं पण ते कोणाला आणि कशासाठी हवंय ते सांगत नाही. टोकनवाल्यांना किती द्यायचे ते तुम्हीच ठरवा. पुढच्या महिन्यात पिन बदलायचीये, त्यासाठी भाच्याचा विंडोजवाला लॅपटॉप मागून ठेवलाय, बदल्यात त्याला पुरणपोळ्या पाहिजेत.