दोन किलोच्या सशात दोन हजार लिटर: मॉडेलिंग सॉफ्टवेअरचा आठ महिन्यांचा अनुभव

रक्तातल्या औषधाच्या मोजमापांवर गणिती वक्र बसवणारं हे सॉफ्टवेअर. नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. फीचर्सची यादी ब्रोशरमध्ये आहेच. शरीराला एक पिंप मानणारं वन कंपार्टमेंट मॉडेल, दोन मानणारं टू कंपार्टमेंट, पिंपच न मानणारं नॉन-कंपार्टमेंटल, रंगीत ग्राफ, सगळं आहे. वर्षाचं लायसन्स 42,000. निम्मे कॉलेजने दिले, उरलेले 21,000 माझ्या खिशातले. तेवढ्यात घराच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं. पावसाळाभर हॉलच्या कोपऱ्यात बादली ठेवताना हा हिशोब रोज व्हायचा.

आमचं काम साधं. सांगलीतलं फार्मसी कॉलेज, एम. फार्म.च्या विद्यार्थिनीचा प्रबंध, एका औषधाची साधी गोळी विरुद्ध सस्टेन्ड रिलीज (औषध हळूहळू सोडणारी) गोळी, ससे सहा. प्रबंध अजून जमा व्हायचाय, म्हणून औषधाचं नावही नको. सशाच्या कानाच्या कडेच्या शिरेतून एका वेळी अर्धा मिली रक्त काढायचं. कान आधी कोमट कापसाने शेकायचा, टिचकी मारून शीर वर आणायची, तरी चौथ्या-पाचव्या वेळी शीर आक्रसून बसते. एवढ्या मेहनतीने मिळालेला एकेक आकडा आपण सॉफ्टवेअरला देतो. त्याने निदान लाज राखावी!

नोव्हेंबरात पहिला रन झाला. ससा 2.1 किलोचा. व्ही बाय एफ, म्हणजे औषध जणू किती मोठ्या पिंपात पसरलंय तो आकार (व्ही) भागिले गोळीतलं जेवढं औषध रक्तात पोचतं तो अंश (एफ), आला 2,000 लिटर. शेजारी ठसठशीत हिरवी टिक आणि ‘यशस्वी’. म्हणजे गल्लीत येणाऱ्या पाण्याच्या छोट्या टँकरएवढा ससा. विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘सर, टिक हिरवी आहे, प्रबंधात टाकू?’’ म्हटलं, ‘‘अगं, थांब जरा. ससा बघितलायस ना तू?’’

या हिरव्या टिकेवर माझा मुख्य राग आहे आणि पुढे अनेकदा येणार आहे. ती टिक एवढंच सांगते की गणित एका जागी जाऊन थांबलं. ती जागा शहाणपणाची आहे की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. हे बारीक अक्षरात मॅन्युअलच्या आत कुठेतरी आहे. टिक मात्र पहिल्या स्क्रीनवर, बोराएवढी.

सपोर्टला तीन तिकिटं टाकली. तिन्हीला उत्तर एकच, ‘कृपया डेटा तपासा’, आणि तिकीट बंद. याच काळात पुण्याच्या डीलरचा पुढच्या वर्षाच्या रिन्यूअलसाठी दर सोमवारी न चुकता फोन. इथपर्यंत लिहून मी एक स्टार देणार होतो.

(इथून पुढचं जानेवारीपासून लिहिलंय.)

चूक माझी निघाली. पूर्ण नाही, निम्मी. डोस मायक्रोग्रॅममध्ये भरला होता आणि कॉन्सन्ट्रेशन (रक्तातलं औषधाचं प्रमाण) मायक्रोग्रॅम प्रति मिलीमध्ये. भागाकार केला की उत्तर मिलीत येतं. 2,000 मिली, म्हणजे 2 लिटर. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये मी ‘लिटर’ निवडलं होतं आणि सॉफ्टवेअरने आकडा तसाच ठेवून पुढे लिटरचं लेबल चिकटवलं. म्हणजे लेबल लावतं, रूपांतर करत नाही. मार्केट यार्डात हळदीचा भाव क्विंटलला बोलतात आणि पट्टीवरही क्विंटलच लिहितात, एवढी साधी शिस्त. तेव्हा आकडा बरोबर हजारपट किंवा हजारांश चुकलेला दिसला, तर मॉडेलला हात लावायच्या आधी एककं बघा. माझे तीन आठवडे गेले.

मग दुसरा उपद्रव. साध्या गोळीचा केए, म्हणजे औषध रक्तात शोषलं जाण्याचा वेग, आला ताशी 300. 0.693 ला 300 ने भागा: शोषणाचा अर्धकाळ आठ सेकंद. गोळी घशाखाली उतरायच्या आत निम्मं औषध रक्तात! टिक हिरवीच. स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे ते, बघायला दुसऱ्या टॅबवर जाऊन खाली स्क्रोल करावं लागतं. तिथे केएची एरर खुद्द केएच्या कितीतरी पट. हा आकडा टिकेच्या जागी का नाही, हे मला कोणी समजावून सांगावं.

चौथ्या तिकिटाला मात्र फोन आला. आवाजावरून नवीन मुलगी असावी. तिने ‘डेटा तपासा’ म्हटलं नाही, तर विचारलं, ‘‘सर, पहिलं सॅम्पल कधीचं आहे?’’ म्हटलं एक तासाचं. ‘‘आणि कॉन्सन्ट्रेशन सगळ्यात जास्त कधी?’’ तेही एक तासाचंच. ती गप्प राहिली. मीही.

सांगलीकराला हे उमगायला तासभर लागू नये. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. समजा, पाणी चढून शिखरावर पोचल्यावरच कोणी पहिल्यांदा पट्टी बघितली, तर ते किती वेगाने चढलं हे त्याला कोण सांगणार? उतरतीची नोंद कितीही काटेकोर ठेवा. चढतीवर एकही बिंदू नसेल तर केए 10, 50, 300 काहीही टाका, वक्र तसाच बसतो, आणि सॉफ्टवेअर बिचारं उताराला लागून घरंगळत जातं. प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी पुन्हा घेतली आणि 5, 10, 20, 40 मिनिटांची सॅम्पलं काढली. केए 4 च्या आसपास आला, अर्धकाळ दहा मिनिटं. त्या मुलीसाठी दोन स्टार वाढवले.

आता सस्टेन्ड रिलीज गोळी, आणि खरी गंमत. सहापैकी चार सशांत व्ही बाय एफ 24 लिटर, दोघांत 2. चौघांत केए 1.2 आणि केई (औषध शरीराबाहेर पडण्याचा वेग) 0.1. दोघांत नेमकं उलट. क्लिअरन्स, म्हणजे व्ही आणि केईचा गुणाकार, मात्र सगळीकडे 2.4 लिटर प्रति तासाच्या आसपास. सॉफ्टवेअर जिथून शोध सुरू करतं ते सुरुवातीचे आकडे बदलून एकाच सशाचा डेटा दोनदा चालवला, तर दोन्ही उत्तरं मिळाली आणि अवशिष्टांच्या (मोजलेला आकडा आणि वक्राचा आकडा यांतल्या फरकांच्या) वर्गांची बेरीज शेवटच्या अंकापर्यंत सारखी. फ्लिप-फ्लॉप. पुस्तकात शिकवतो मी हे! वर्गात फळ्यावर समीकरण लिहून केए-केईची अदलाबदल करून दाखवतो. व्ही त्याच प्रमाणात बदलला की वक्र जसाच्या तसा राहतो. पण स्वतःच्या सशात ओळखायला मला नऊ दिवस लागले.

यालाही नदीच बरी. पाऊस थांबला तरी कोयनेतून विसर्ग चालू असेल, तर आयर्विनचं पाणी हळूच उतरतं. त्या उताराचा वेग पात्र किती पटकन रिकामं होऊ शकतं हे सांगत नाही, धरणातून किती येतंय हे सांगतो. (खाली अलमट्टीचं काय, हा वाद इथे नको, भडंग संपेल, वाद संपणार नाही.) सस्टेन्ड गोळी म्हणजे कोयना. शेवटचा उतार शोषणाचा, आणि आपण त्यालाच उत्सर्जन समजून बसतो.

वक्राकडे बघून यातलं खरं कोणतं ते ठरत नाही, बाहेरून पुरावा लागतो. शिरेतून दिलेल्या डोसचा डेटा असेल तर उत्तम. आमच्याकडे साध्या गोळीचा होता. ससा तोच, औषध तेच, केई 1.2. म्हणजे व्ही 2 लिटर खरा, 24 नाही. मग सहाही सशांना केईचा सुरुवातीचा आकडा 1.2 दिला आणि अंदाज लॉगमध्ये घ्यायला लावले, म्हणजे ऋण आकड्यांची कटकटही गेली. साध्या गोळीसाठी ‘केए म्हणजे केई अधिक काहीतरी धन’ अशी अटही घातली. हीच अट सस्टेन्डला डोळे झाकून लावली असती तर चुकीचं उत्तर कायमचं पक्कं झालं असतं. हे सॉफ्टवेअर नेमकी तीच अट डीफॉल्ट म्हणून सुचवतं.

24 लिटरवर आमचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, ‘‘अहो, मोठा आकडा आला की चूकच असं नसतं.’’ बरोबर आहे त्यांचं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या 850 मिलिग्रॅमच्या एका डोसनंतरचा व्ही बाय एफ अमेरिकी लेबलवरच सरासरी 654 लिटर छापलाय, आणि माणसाच्या अंगात पाणी जेमतेम 42 लिटर. हे खरं पिंप नाही, शिवाय एफने भागलेलं. म्हणून आकडा अवास्तव ठरवताना औषध कोणतं, हेही बघावं लागतं. आमच्या औषधाला मात्र 24 शोभत नव्हता.

मार्चमध्ये हट्टाने एक तुलना केली. ‘आर’ या आकडेमोडीच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये थिओफिलिन या दम्याच्या औषधाचा जुना डेटा सोबतच येतो: 12 माणसं, प्रत्येकी 11 सॅम्पलं, साधारण एक दिवसभराची. पहिल्या माणसाला किलोमागे 4.02 मिलिग्रॅम, शिखर 1.12 तासाला 10.5 मिलिग्रॅम प्रति लिटर. शून्य वेळेलाही 0.74, म्हणजे डोसच्या आधीच रक्तात थोडं औषध. तोच डेटा दोन्हीकडे दिला आणि मुद्दाम उलटे आरंभ टाकले. दोन्ही फसले. तेव्हा फ्लिप-फ्लॉपचा दोष आमच्या सॉफ्टवेअरवर ढकलत नाही, ते समीकरणाचंच अंग आहे. पण आरने स्टँडर्ड एरर उत्तराच्या शेजारच्याच रकान्यात दिली, टिक वगैरे काही दिली नाही, आणि पैसे घेतले नाहीत.

ग्राफ चांगले आहेत, ते मान्य. शिकायला सोपं आहे, विद्यार्थिनीने दोन दिवसांत आत्मसात केलं. पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन त्या मुलीचे. रिन्यूअल करणार नाही. मेमध्ये गच्ची करून घेतोय.

हे लिहीत असताना सोमवारचा फोन आलाच. डीलरला म्हटलं, ती हिरवी टिक काढा आणि तिथे एरर दाखवा, मग बोलू. ‘‘सर, रिक्वेस्ट टाकतो,’’ म्हणाले. वीस मिनिटांत मेल आला. तिकीट निकाली, शेजारी हिरवी टिक.