घडीचा नकाशा उघडा की राव! (विद्यापीठ ग्रंथालयाचं डिजिटल अर्काईव्ह, वापरानंतरचा अनुभव)

आधी राग काढतो, चांगलं नंतर सांगतो. जुन्या अहवालाच्या शेवटी घडी घालून चिकटवलेला नकाशा असतो ना, तो स्कॅन करताना उघडायचा असतो. बस, एवढीच अपेक्षा होती.

आमच्या बाजूच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने (नाव देत नाही, लोक भले आहेत आणि मला परत जायचंय) स्थानिक इतिहासाचं अर्काईव्ह केलंय, बाहेरच्यांनाही वार्षिक मेंबरशिप मिळते, वर डिपॉझिट. मी पावसाळ्याच्या तोंडावर घेतली ती एका अहवालासाठी. मी घणसोलीचा. गावाची स्मरणिका काढायचं चाललंय. सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) १९७० मध्ये आली, आमची शेतं, खारबांध, मिठागरं गेली आणि सेक्टर आले. जुने सातबारे ‘आपले अभिलेख’वर बऱ्यापैकी मिळतात, पण सातबाऱ्यावरून बांध कुठून कुठे जायचा, भरतीचं पाणी कुठपर्यंत यायचं हे कसं कळणार, त्याला नकाशाच लागतो, आणि तो सत्तरच्या दशकातल्या त्या अहवालात आहे असं अनुक्रमणिकाच सांगते. उघडून बघतो तर पानंच्या पानं खणखणीत स्वच्छ, आणि नकाशाच्या जागी मिटलेला चौकोन, मागची शाई आरपार आलेली, एका कडेला खाडीचा बोटभर तुकडा. पुढच्या पानावर लगेच शुद्धिपत्र. वर माहितीत लिहिलंय काय, तर ‘पृष्ठे : पूर्ण’!

आणि साइटवर नुसतं बघायला फुकट असलं तरी चांगल्या क्वालिटीची फाइल हवी तर पानामागे पैसे, म्हणजे मिटलेल्या घडीचेही पूर्ण पानाचे पैसे. मी भरले. स्क्रीनवर नीट दिसत नसेल, मोठ्या फाइलमध्ये असेल म्हणून. नव्हतं.

आता कोणी म्हणेल गॅझेटिअर (इंग्रजांच्या काळातली जिल्हावार माहितीची पुस्तकं) फुकट असताना मेंबरशिप कशाला. बरोबर आहे, गॅझेटिअरसाठी घेऊच नका. १८८२ चे ठाण्याचे खंड, तेरावा (दोन भागांत) आणि स्थळांची माहिती देणारा चौदावा, इंटरनेटवर फुकट मिळतात. फक्त हद्दी बदलल्यात हे डोक्यात ठेवा. त्या गॅझेटिअरात पनवेल ठाणे जिल्ह्यातच आहे, आणि वांद्रे-कुर्ल्याकडचं १९२० च्या आधीचं काही शोधत असाल तर तेही ठाण्यातच बघायचं, उपनगर जिल्हा नंतर झाला. जुनी मराठी पुस्तकं हवी असतील तर ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे, आधी तिथे विचारा.

इथे मिळतं ते वेगळंच. लग्नपत्रिका, मच्छीमार सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गावच्या नाटकांची हँडबिलं, शाळेच्या रजिस्टरची पानं, म्हाताऱ्या माणसांच्या रेकॉर्ड केलेल्या मुलाखती. हे कुठल्या दुकानात मिळणार नाही आणि घरात असेल तर पुढच्या साफसफाईत रद्दीत जाणार. सर्च मात्र कच्चा आहे, जुन्या मराठी छपाईवर ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) धड चालत नाही, गावाचं नाव टाकून अर्धंही सापडत नाही, वर्ष निवडून एकेक चाळत बसावं लागतं. असो.

इथपर्यंतचं दिवाळीआधी लिहून ठेवलं होतं आणि दोन स्टार देणार होतो. पुढचं नंतरचं.

दिवाळीनंतर तिथे स्वतः गेलो, अर्काईव्हच्या मॅडमना म्हटलं मला मूळ प्रत दाखवा. दाखवली. त्या म्हणाल्या, “काका, हात नका लावू, मी उघडते,” आणि त्यांनी फक्त पहिली घडी इंचभर उचलली तर घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कागद पापडासारखा तुटलेला. पूर्वी कुणीतरी त्यावर सेलोटेप लावलेली, ती पिवळी पडून सुटलीय आणि डिंक कागदात मुरलाय. स्कॅनिंग बाहेरच्या एजन्सीने केलं, पानाच्या दराने, मशीन ए-थ्री कागदापुरतं. उघडायचा म्हणजे आधी कागदाला हलका दमटपणा देऊन नरम करायचा, वजनाखाली सपाट करायचा, चिरांवर मागून जपानी टिश्यू गव्हाच्या खळीने लावायचा आणि मग मोठ्या मशीनवर घ्यायचा. ते काम करणारा माणूस एक आणि रांग मोठी. हे ऐकून निम्मा राग गेला, जबरदस्तीने उघडला असता तर आज तुकडेच उरले असते.

निम्मा आहे अजून. अहो, मग साइटवर तसं लिहा ना, ‘नकाशा उघडलेला नाही’, तीन शब्द! मी तिथेच विचारलं तर उत्तर आलं की फॉर्ममध्ये तसा कॉलम नाही. काय बोलणार.

पण खरी गंमत पुढे. मॅडमनी विचारलं तुमच्या घरी काही आहे का. आत्याच्या ट्रंकेत १९८४ च्या जानेवारीतल्या सिडकोविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनाचे फोटो आणि पत्रकं होती, दि. बा. पाटलांचं नेतृत्व, जासई आणि नवघरचा गोळीबार, पाच हुतात्मे, हे इकडे वेगळं सांगायला नको. ते घेऊन गेलो. त्यांनी ६०० डीपीआयला स्कॅन केलं, मूळ कागद परत दिले, टिफ फाइल्स पेनड्राइव्हवर दिल्या, एक रुपया घेतला नाही. (इथे पैसे नाहीत आणि घडीला पैसे, हे गणित मला कळलेलं नाही.) कॉपीराइट आपल्याकडेच राहतो, तसं कागदावर लिहून दिलं. फोटोतली जी माणसं हयात आहेत त्यांना विचारल्याशिवाय साइटवर टाकणार नाही म्हणाले, आणि खरंच टाकलं नाही अजून. नंतर आत्याला बोलावून एकेक चेहरा विचारत बसले. आत्याला बायकांची नावं कमी आणि माहेरं जास्त आठवत होती, ही गोठिवलीची, ती तळवलीची, ती पाठमोरी आहे ती दिवाळ्याची. फॉर्ममध्ये माहेरालाही कॉलम नाही! पण मॅडमनी शेऱ्यात सगळं लिहून घेतलं, म्हणजे मनात असलं की शेऱ्यात लिहिता येतं, नकाशाचंही येईल.

घरी कागद असतील तर त्यांनी सांगितलेलं इथे देतो. लॅमिनेशन करू नका, आमच्या वडिलांनी जमिनीच्या कागदांना केलंय ते आता निघत नाही. स्टेपलर पिना काढा, गंजतात. फोटोमागे लिहायचं तर बॉलपेनने नको. सेलोटेपचं वर आलंच.

साडेतीन स्टार. नकाशा उघडला तर चार. मेंबरशिप रिन्यू करणार आहे, आमचा अहवाल रांगेत आहे आणि डिपॉझिट तसंही त्यांच्याकडेच आहे. जाणार असाल तर आधी फोन करा, शनिवारी अर्काईव्हची खोली बंद असते. आत पेन चालत नाही, शिसपेन्सिल घरूनच न्या, गेटजवळच्या दुकानात पाचाची दहाला देतात.