12 व्होल्टचा ‘कॉम्प्रेसर फ्रिज’ घेताय? बोटवाल्यांनी आधी हे वाचा

पावसाळा सरून समुद्र शांत झाला की नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे, वाशीगाव इथल्या धक्क्यांवर बोटी धुऊन-पुसून तयार व्हायला लागतात. त्यातल्या बहुतेक मासेमारीच्या. पण हौसेने किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूड, जयगड, मालवणपर्यंत जाणारी आमच्यासारखी काही कुटुंबंही आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितेय. तुर्भ्याच्या एका दुकानदाराने आम्हाला कॉम्प्रेसर फ्रिज सांगून भलतंच यंत्र विकलं, जुनी बॅटरी नवी म्हणून दिली, आणि त्यापायी माझ्या दिराला जयगडला दवाखान्यात न्यावं लागलं. तोच डबा दुसऱ्या रंगाचं स्टिकर लावून त्या दुकानात आजही मांडलेला आहे.

आमची बोट 24 फुटी, फायबरची, शिडाची. आत लहानशी केबिन, दोन बाकं, गॅसची शेगडी. आजवर आम्ही बर्फाच्या पेटीवर भागवत आलो. मासेमारीच्या बंदरात शिरलं की बर्फ मिळतोच. पण या वेळी फेरी लांबची होती आणि सासूबाई बरोबर येणार होत्या. त्यांचं न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. शिवाय दूध, पनीर, चिकन, वाटेत घेतलेली मासळी. म्हणून फ्रिज बसवायचं ठरलं.

छोट्या बोटींसाठी खरे फ्रिज मिळतात. त्यात 12 व्होल्टवर चालणारा लहान कॉम्प्रेसर असतो. सेकॉप कंपनीचा, म्हणजे पूर्वीच्या डॅनफॉसचा, बीडी-35 हा त्यातला जगभर वापरला जाणारा. घरच्या फ्रिजसारखाच तो गॅस दाबतो, थंडावा हवा तेवढा झाला की बंद होतो, पुन्हा तापलं की सुरू होतो. चालू असताना साधारण 4 अँपिअर घेतो, पण दिवसातला बराच वेळ बंदच असतो, म्हणून चोवीस तासांत 30-35 अँपिअर-तासांत (अँपिअर गुणिले तास, म्हणजे बॅटरीतून उतरलेली वीज) भागतं. आमच्या छतावरचं 100 वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला जवळपास तेवढंच भरून देतं. दुकानदाराने हाच हिशोब कागदावर मांडून दाखवला. हिशोब अगदी बरोबर होता. फक्त तो समोर ठेवलेल्या डब्याचा नव्हता.

डबा देखणा होता. वरून उघडणारं झाकण, निळे आकडे, 40 लिटर. आकडा 4 दाखवत होता. त्याने झाकण उघडून माझा हात आत घालायला लावला. हात गार पडला. आत पाण्याच्या बाटल्या होत्या, त्याही गार. “मॅडम, आत पफ आहे, मागे कॉम्प्रेसर आहे, उन्हात ठेवा नाहीतर इंजिनाजवळ ठेवा, हा 4 सोडणार नाही.” पफ म्हणजे भिंतीत भरलेला, उष्णता अडवणारा फेस. दुकानात एसी चालू होता. डबा सकाळपासून चालू होता. बाटल्या आधीच गार करून आत ठेवल्या होत्या, हे आम्हाला नंतर तिथल्याच पोऱ्याकडून कळलं. डबा आणि ‘डीप सायकल’ बॅटरी, म्हणजे रोज खोलवर उतरवली तरी टिकणारी, मिळून 36,000 रुपये आम्ही दिले.

मुरूडला पोचेपर्यंत दूध फाटलं. आकडा 4च होता. मी दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, “झाकण सारखं उघडू नका, दूधच पिशवीतलं शिळं असेल.” पुढे दाभोळच्या अलीकडे एका होडीवाल्याकडून सकाळी फडफडीत बांगडे घेतले, साफ करून त्या डब्यात ठेवले आणि रात्री जयगडच्या खाडीत नांगर टाकल्यावर तळले. चवीला, वासाला काही म्हणजे काही जाणवलं नाही. अर्ध्या तासात दिराचा चेहरा आणि मान लाल झाली, अंगाला खाज सुटली, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. त्याने सगळ्यांत जास्त खाल्ले होते.

डॉक्टरांनी आधी विचारलं, कोणता मासा आणि कुठे ठेवला होता. बांगडा, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पुरेसा गार ठेवला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करतात, आणि ते एकदा तयार झालं की तळून, उकळून, कशानेही जात नाही. मासा ताजाच दिसतो, वासही येत नाही. औषधाने दीर बरा झाला. पण ती रात्र आठवली की मला आजही राग येतो, कारण खोटा आकडा दाखवणारा माणूस कुणाच्या तरी पोटाशी आणि जिवाशी खेळत असतो, आणि हे त्याला पुरतं ठाऊक असतं.

त्याच रात्री बॅटरीही बसली. दवाखान्यातून परत आलो तर नांगरावरचा पांढरा दिवा विझलेला. जयगडच्या खाडीत रात्री ट्रॉलर ये-जा करतात. अंधारात उभी असलेली लहान बोट त्यांना दिसणार कशी? सासूबाई आत एकट्या होत्या. टॉर्च शिडाच्या काठीला बांधून आम्ही पहाट काढली.

सकाळी शेजारच्या होडीवरचे एक वयस्कर नाखवा चहाला आले. डब्याकडे बघून त्यांनी मागच्या जाळीवर हात धरला आणि म्हणाले, “वहिनी, यात मशीन नाय. नुसता पंखा हाय.” औषधाच्या दुकानात सासूबाईंसाठी नवं इन्सुलिन घ्यायला गेलो होतो, तिथूनच फ्रिजमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. पाण्याच्या बाटलीत बुडवून डब्यात ठेवला. दुपारी केबिनमध्ये 38 अंश होते. डब्याचा आकडा 5. बाटलीतलं पाणी 21.

मग नवऱ्याने मागचे स्क्रू काढले. आत कॉम्प्रेसर नव्हता. तांब्याची नळी नव्हती, गॅस नव्हता. दोन पंखे, ॲल्युमिनियमच्या पात्या, आणि त्यांच्यामध्ये 4 सेंटिमीटरची एक पांढरी चौकोनी फरशी, लाल-काळ्या दोन वायरी जोडलेली. तिच्यावर छापलं होतं टीईसी1-12706. याला पेल्टिअर म्हणतात. वीज सोडली की फरशीची एक बाजू गार होते, दुसरी तापते. तापलेली बाजू पंख्याने निववायची. यंत्र खोटं नाही, गाडीत पाण्याची बाटली गार राहावी म्हणून ते ठीक आहे, आणि आमच्या किमतीच्या कितीतरी कमी पैशांत मिळतं. पण ते बाहेरच्या हवेपेक्षा फार तर 15 ते 20 अंश खाली नेतं. एसीच्या 24 अंशांत ते 6-7 दाखवेल. तापलेल्या केबिनमध्ये ते विशीच्या आसपासच राहणार. आणि ते हवा तेवढा थंडावा आला म्हणून थांबत नाही, कारण तेवढा थंडावा येतच नाही. सलग 4 ते साडेचार अँपिअर ओढत राहतं, म्हणजे चोवीस तासांत 100 अँपिअर-तासांच्या आसपास. 100 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये म्हणतात. ते निम्मं अकरा-बारा तासांत संपतं. सोलर पॅनेल कुठे पुरणार?

आणि तो आकडा? तापमान मोजणारा मणी डब्याच्या हवेत लोंबत नव्हता, गार होणाऱ्या पत्र्यालाच गोंदाने चिकटवलेला होता. पत्रा 5 अंश असेलही. दूध पत्र्याला चिकटवून ठेवत नाहीत. पाणी बाहेर सोडायच्या भोकातून भिंतीचा छेद दिसत होता. त्यात पांढरे मणी, म्हणजे थर्माकोल. पफ असता तर पिवळसर, एकसंध, बारीक फेस दिसला असता. थर्माकोलही उष्णता अडवतो, पण तेवढ्याच जाडीचा पफ त्याच्या बराच पुढे आहे. बॅटरीचं लेबल नखाने उचललं तर खाली गाडीच्या बॅटरीचं जुनं लेबल निघालं. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा करंट देऊन इंजिन सुरू करण्यासाठी असते. तिच्यातल्या पातळ प्लेटा रोज खोलवर उतरवल्या तर लवकरच निकामी होतात. ही तर आधीच वापरलेली होती.

परत आल्यावर दुकानदाराने बिल समोर धरलं. बिलावर लिहिलंय ‘कूलिंग बॉक्स 12 व्होल्ट’. कॉम्प्रेसर हा शब्द नाही, मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही, बॅटरीचीही फक्त किंमत. त्याने आवाज चढवला, “मी फ्रिज म्हटलोच नाही.” पण पैसे देण्याआधी त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कोटेशनमध्ये ‘कॉम्प्रेसर फ्रिज, पफ इन्सुलेशन, डीप सायकल बॅटरी’ असं त्याच्याच हाताने टाइप केलेलं होतं. ते दाखवल्यावर निम्मे पैसे परत देतो म्हणाला, अट एकच, कुठे लिहायचं नाही. आम्ही नाही म्हटलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली, त्यातून काही निघालं नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. प्रकरण सुरू आहे.

आता दुकानात गेलात तर काय बघायचं ते सांगते. एसीच्या खोलीतला डेमो मान्यच करू नका. डबा बाहेर, सावलीत पण गरम जागी, आधी बंद आणि रिकामा असताना आपल्यासमोर सुरू करायला लावा. आत साध्या पाण्याची बाटली ठेवा, त्यात आपला थर्मामीटर बुडवा आणि काही तास थांबा, डब्याच्या आकड्याकडे बघूच नका. डबा उचलून बघा. कॉम्प्रेसर एकटाच चार किलोच्या आसपास असतो, त्यामुळे डब्याची एक बाजू स्पष्ट जड लागते. मागे काळा घुमट आणि तांब्याची नळी दिसली पाहिजे, आणि पाटीवर गॅसचं नाव, आर-134ए किंवा आर-600ए, आणि तो किती ग्रॅम भरलाय हे लिहिलेलं पाहिजे. डब्याला थंड-गरम असं बटण असेल तर तो बहुतेक पेल्टिअरच, कारण वायरी उलट्या केल्या की ती फरशी गरमही करते. आमच्या डब्यावर त्या बटणाची जागा स्टिकरखाली झाकली होती. इलेक्ट्रिशियनचा क्लॅम्प मीटर, डीसी करंट मोजणारा, वायरीला लावा. कॉम्प्रेसर थंडावा आल्यावर थांबतो आणि आकडा जवळपास शून्यावर येतो. पेल्टिअरचा आकडा हलत नाही. आणि कोटेशनमधले शब्द जसेच्या तसे बिलावर आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आम्ही परतीचा प्रवास बर्फावर केला, आणि मला खरं सांगायचं तर छोट्या बोटीला तो पुष्कळ पुरतो. 10 किलोची लादी वितळताना जेवढी उष्णता शोषते ती जवळपास 930 वॉट-तास भरते. त्यासाठी बॅटरी लागत नाही. चुरा घेऊ नका, अखंड लादी घ्या, ती हळू वितळते. पेटी आदल्या रात्रीच थोडा बर्फ टाकून गार करून ठेवा, केबिनच्या तळाशी, इंजिनापासून लांब ठेवा, वर ओलं गोणपाट टाका. मासळीसाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. महाराष्ट्रात खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम 2018 पासून आहे. म्हणून जिन्नस घट्ट झाकणाच्या डब्यात, वितळलेलं पाणी रोज सोडून द्यायचं, मांस-मच्छी सगळ्यांत खाली. बांगडा घेतला तर थेट बर्फात, आणि त्याच दिवशी खायचा. इन्सुलिन मात्र लादीला टेकवू नका, गोठलं की वाया जातं. कापडात गुंडाळून वेगळ्या डब्यात, थर्मामीटर शेजारी ठेवून.

तुर्भ्याच्या त्या भागातून कुणी असा निळ्या आकड्यांचा 40 लिटरचा डबा घेतला असेल तर आजच मागचे स्क्रू काढून आतले फोटो काढा, बाटलीतल्या थर्मामीटरचा आणि डब्याच्या आकड्याचा एकत्र व्हिडिओ करा, बॅटरीचं लेबल उचलून बघा, आणि दुकानदाराचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.